ठोक्या

ठोक्या नावाचा मासा कुठल्याच समुद्रात नाही. तो मी केला. एका दुपारी पंख्याखाली बसून, चहा पिता पिता केला. पुढची चार वर्षं तो आमच्या खडपावर रोज सकाळी बोलत राहिला.

आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला. किनाऱ्यापासून होडीनं वीस मिनिटांवर आंबोळीचं खडप, म्हणजे समुद्रातला खडक, आहे. ते साडेतीन वाव पाण्याखाली आहे, म्हणजे जेमतेम वीस फूट. वरून बघितलं तर गोल, भोकाभोकांचं, तव्यावरच्या आंबोळीसारखं दिसतं. एके काळी ते पोवळ्यानं भरलेलं होतं. मग लागोपाठ तीन उन्हाळे समुद्र तापला, पोवळं पांढरं पडलं आणि त्यावर शेवाळ चढलं. मासे गेले. माशांच्या मागोमाग मुंबई-पुण्याचे पर्यटक गेले, आणि स्कूबाच्या होड्या किनाऱ्यावर उलट्या पडल्या.

खडप मरून सात वर्षं झाल्यावर मृण्मयी साटम आली. चिपळूणची मुलगी, तिशीची. नावापुढे डॉक्टर, पण औषधं देणारी नव्हे. समुद्रातल्या आवाजांचा तिचा अभ्यास.

"काकी, मेलेलं खडप मुकं असतं," तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं. "म्हणून तिथे कोणी येत नाही."

मग तिनं मला समजावलं ते असं. मासा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा भाताच्या कणीएवढा असतो, काचेसारखा आरपार. प्रवाह त्याला भर समुद्रात घेऊन जातो. काही आठवड्यांनी त्याला राहायला जागा लागते. इतक्या मोठ्या पाण्यात त्याला जागा दिसणार कशी? दिसत नाहीच, ती ऐकू येते. जिवंत खडप दिवसरात्र बोलत असतं. नखाएवढ्या कोळंब्या नांगी मिटतात आणि पाण्यात बुडबुडे फुटतात, त्याची तडतड होते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी. गोबरा मासा पोटातून घुमतो. पोपटमासा पोवळं कुरतडतो. हा गलका मैलभर जातो. तो ऐकून पिल्लं त्या दिशेनं पोहतात आणि त्याच आवाजाला जन्मभर घर समजतात.

मृण्मयीचा बेत सरळ होता. गरम पाणी सोसणारं पोवळं लोखंडी चौकटींवर लावायचं, आणि खडपावर चार पेट्या ठेवून त्यांतून जिवंत खडपाचा आवाज सोडायचा. पण दुसऱ्या समुद्रातला आवाज तिला नको होता. आंबोळीवर आंबोळीचाच आवाज हवा होता. तो एकाच ठिकाणी उरला होता. २०१४ साली एका विद्यार्थ्यानं पाण्यात माइक सोडून चव्वेचाळीस मिनिटं टिपून ठेवली होती. तेवढ्यावरून तिचा संगणक खडपाची बोली शिकणार होता, आणि मग तिच्यातून रोज नवी सकाळ, नवी संध्याकाळ रचणार होता.

त्याआधी एक काम होतं. त्या चव्वेचाळीस मिनिटांत काय माशाचं आणि काय माणसाचं, हे निवडायचं. होडीचं इंजिन संगणकाला ओळखता आलं. बारीकसारीक आवाजांवर तो अडला. तेव्हा वाडीत कोणीतरी मृण्मयीला सांगितलं की शेवंता वल्ह्याला कान लावून मासे ओळखते.

ते खरं होतं. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी ती विद्या मला दिली. होडी थांबवायची, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि त्याच्या मुठीला कान लावायचा. खाली ढोमे मासे असतील तर लाकूड कण्हतं.

तर मी जेटीवरच्या तिच्या खोलीत जाऊन बसले. डोक्याला हेडफोन लावला. एकेक तुकडा वाजायचा आणि पडद्यावर दोन चौकोन यायचे, 'मासा' आणि 'माणूस'. दोन्ही 'मा'नंच सुरू होणारे. अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, त्यामुळे पहिले काही दिवस शब्दाचं शेपूट बघूनच बोट लावायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजलं,

टण. टक्.

थोडा वेळ तडतड. मग पुन्हा, टण. टक्.

तो लवू होता. माझा नवरा.

आमच्या किनाऱ्यावर स्कूबा सुरू झालं तेव्हा पाण्यात उतरणाऱ्या पहिल्या चार-पाच जणांत लवू होता. पर्यटकाला पोहता येत नसलं तरी चालायचं. लवू त्याच्या पाठीमागून सिलिंडर धरून त्याला खडपावरून फिरवायचा. काही दाखवायचं असलं की त्याच सिलिंडरवर बोटातल्या पितळी नटानं ठोकायचा. पहिला ठोका मोकळा. दुसरा ठोका मारताना डावा तळहात सिलिंडरवर दाबून ठेवायचा, म्हणजे आवाज घुमायचा नाही. "दोनव ठोके वाजले तर मासो बिचकता," म्हणायचा. खरं-खोटं त्यालाच माहीत. पण साऱ्या किनाऱ्यावर तसं ठोकणारा तो एकटाच.

मला त्यानंच पाण्यात उतरवलं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, "शेवंताक आता शिंगा फुटली." लवू म्हणाला, "फुटांदेत. मास्क लागलो म्हणजे झाला." पर्यटकांच्या आधी, सकाळी सातला, आम्ही दोघंच उतरायचो. ऊन तिरपं येऊन पोवळ्यावर जाळीसारखं हलत असायचं. फुलपाखरू मासे जोडीजोडीनं चरत असायचे. कपारीतून शेवंडीच्या मिशा बाहेर आलेल्या असायच्या. एकदा एक कासव आमच्या दोघांच्या मधून गेलं, इतक्या सावकाश की मी त्याच्या पाठीवरचं शेवाळ बघितलं. लवू मागून ठोकायचा, टण टक्, आणि मी वळायचे. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून आमच्या संसारातल्या सगळ्यात चांगल्या गप्पा तिथे झाल्या.

तो गेला त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. आणि आता तो माझ्या कानात ठोकत होता.

मी 'मासा'वर बोट ठेवलं.

"हा कुठला, काकी?" मृण्मयी मागे उभीच होती. "संगणकाला हा ओळखता येत नाहीये. पुस्तकातही नाही."

"ठोक्यो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ठोक्या?"

"कपारीत ऱ्हवता. दिसणा नाय कोणाक."

तिनं लगेच लिहून घेतलं. आमच्याकडच्या माशांची अर्धी नावं पुस्तकात नाहीत, त्यामुळे तिला संशय आला नाही. चव्वेचाळीस मिनिटांत लवूनं एकोणतीस वेळा ठोकलं होतं. एकोणतीसही वेळा मी 'मासा' म्हटलं.

पेट्या खाली गेल्या. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी चौकटींच्या आडोशाला कणीएवढी पिल्लं दिसू लागली. तिसऱ्या वर्षी पोपटमासे आले. चौथ्या वर्षी तांबोशीचा थवा खडपाभोवती फिरताना मी वरून, होडीतून, डोळ्यांनी बघितला. लाल, हातभर लांब. गेल्या अकरा वर्षांत तसं काही बघितलं नव्हतं.

मी रोज सकाळी एकटीच होडी घेऊन आंबोळीवर जायचे आणि वल्ह्याला कान लावायचे. तडतड, घुमणं, कुरतडणं, आणि मधूनच टण टक्. संगणकानं ते सकाळच्या आवाजात नीट पेरलं होतं. मी घरी येऊन भाकऱ्या टाकायचे. पेट्या पाच वर्षांनी काढायच्या होत्या. तोवर खडप आपलं आपण बोलू लागेल, असं मृण्मयी म्हणायची. मी त्या दिवसाचा विचार करत नसे.

मग नंदू आला.

नंदू माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, स्वभावानं बडबड्या. आमचं अंगण एकच. माझं दुखलंखुपलं तोच बघतो. त्या सकाळी तो टोपली घेऊन आला आणि ती माझ्यासमोर आदळली. आत तांबोश्या.

"काकी, बघ! आंबोळेच्या भायल्या अंगाक जाळी घातली."

"खडपार?"

"खडपार कशाक? खडपार बंदी आसा, माका काय कळणा नाय? भायर. भायर बंदी नाय." तो पायरीवर बसला. "पण ऐक तर. जाळी घातली काय आपण होडी ठोकतंव ना, मासो भियान जाळ्यात पळूचो म्हणान?"

"बरा मगे?"

"मासो पळाक नाय गो! उलटो इलो! मी पायपान ठोकतंय आणि ते सगळे माझ्या होडयेखाली जमतत. कुत्र्याक यू यू केल्यासारखे. मी जन्मात असा बघूक नाय. मगे जाळी उचलली आणि होडयेखालीच घातली."

माझा हात तांदूळ निवडायचा थांबला.

"कसो ठोकतस तू?"

"कसो म्हणजे? काकान शिकवल्यान तसो." त्यानं पायरीवर हातातल्या किल्लीनं ठोकून दाखवलं. पहिला मोकळा. दुसऱ्याला डावा तळहात पायरीवर ठेवलेला. दगडावर त्या तळहाताचा काही उपयोग नव्हता, तरी ठेवलेला.

लवूनं त्यालाही पाण्यात उतरवलं होतं. मी विसरलेच होते.

"आणि कोणी बघितल्यान?"

"मोंडकाराच्या दोन होडये बाजूकच होते. तेंका काय डोळे नाय?" मोंडकर म्हणजे वाडीतला सगळ्यात मोठ्या जाळ्यांचा मालक. मग नंदू माझ्याकडे बघत राहिला. "काय झाला गो? तोंड कशाक उतारला?"

मी टोपलीतली एक तांबोशी उचलून पोट दाबलं. आत अंडी धरत होती. तीन वर्षांची मासळी, पहिल्यांदाच भरलेली. महिन्याभरात अंडी सोडली असती. पुढच्या वर्षीची पिल्लं याच अंड्यांतून यायची होती. ही मासळी या खेपेला जाळ्यात गेली, तर पेट्या काढल्यावर आंबोळीवर बोलायला कोणी उरलं नसतं.

मी तशीच जेटीवर गेले.

मृण्मयीला सगळं सांगायला मला फार वेळ लागला नाही. तिला ते समजायला लागला. ती खुर्चीत मागे टेकली.

"म्हणजे ठोक्या…"

"माजो घोव."

"काकी, मी त्या माशावर जपानमध्ये बोलून आले!" ती हसायला लागली आणि मग हसता हसता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "कदाचित चुकून झालं असेल. पडद्यावर दोन्ही शब्द 'मा'चेच होते. तुम्हाला तेव्हा नीट वाचता येत नव्हतं. मी अहवालात तसं लिहिते. कोणी काही म्हणणार नाही."

तिनं मला वाट काढून दिली होती. मला ती घेता आली असती.

"नाय गो," मी म्हटलं. "वाचूक येय होता माका. एकोणतीस वेळा वाचलंय."

तिनं त्याच संध्याकाळी पेट्यांतून ठोका काढून टाकला. पुढच्या पिल्लांचा प्रश्न मिटला. पण जी मासळी तो ऐकतच वाढली होती तिच्या डोक्यातून तो कसा काढायचा? दोन दिवसांनी मृण्मयी उपाय घेऊन आली.

माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक रस पाण्यात उतरतो. माणसाला त्याचा वास येत नाही. पण त्याच जातीच्या माशाला तो लागला की त्याला कळतं, आपल्यातलं कोणीतरी मारलं गेलं. तो लपतो. आणि त्याच घटकेला जो आवाज कानावर पडला असेल, त्या आवाजाची भीती त्याला बसते. शंभर वेळा शिकवावं लागत नाही. एकदा पुरतं. थव्यातल्या काही जणांना शिकवलं तर बाकीचे त्यांना बघून शिकतात.

"पेटीतून नाही वाजवता येणार," ती म्हणाली. "ते पेटीलाच घाबरले तर सगळंच गेलं. कोणीतरी खाली जाऊन, दुसऱ्या जागेवरून, हातानं ठोकायला हवं. माझा एक डायव्हर आहे…"

"मी जातंय."

"काकी, तुम्ही अडुसष्ट वर्षांच्या आहात."

"खोटा मी बोललंय. तुजो डायव्हर कशाक जाता?"

तिनं डॉक्टरकडे नेलं. त्यानं माझं हृदय आणि कान तपासले, नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाला, वीस फुटांपर्यंत जाऊ दे, पुढे नको.

नंदूला सांगितलं तेव्हा तो जाळं शिवत होता. त्यानं सुई खाली ठेवली नाही.

"म्हणजे माका गावलेला तू घालवतलंस."

"तुका गावलेला नाय तां. मी चोरान ठेवलेला."

"मोंडकार काय गप बसतलो? तो दुसरा कायतरी शोधीत."

"शोधांदे. ह्या तरी तेका गावाचा नाय."

त्यानं दोन टाके घातले. मग मान खाली घालूनच म्हणाला, "काकाचो हात आसा तो, काकी. चार वर्षां तू खंय जाय होतंस सकाळची, आता कळला माका." आणि थोड्या वेळानं, "तुज्यान होतला?"

मृण्मयीनं लवूचा मूळ आवाज माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. तो आजही आहे. पण फोनवर लवू ठोकतो आणि ठोकून राहतो. तिथे कोणी वळून बघत नाही. आंबोळीवर त्यानं ठोकलं की कोणीतरी येत होतं. मरून सोळा वर्षं झालेल्या माणसाचं ऐकणारं कोणीतरी समुद्रात होतं, आणि तेच मला मोडायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. होडी नंदूचीच होती. तो आपणहून आला, आणि रसासाठी लागणारी तांबोशीही त्यानंच आणली. मृण्मयीनं कातडी कुटून, गाळून, एका पिशवीत भरली. वारा नव्हता. पाणी इतकं स्वच्छ होतं की नांगर तळाला टेकलेला वरून दिसत होता.

पाठीमागे पडून पाण्यात गेले आणि कान दुखले. नाक दाबून फुंकर घातली तशी वाट मोकळी झाली. हात-पायांना सगळं आठवत होतं. मृण्मयी पुढे, मी तिच्या मागे, डाव्या हातानं तिचं सिलिंडर धरून. लवू पर्यटकाला धरायचा तसं.

खाली आंबोळी होती. माझी जुनी नव्हे. पोवळं अजून वीतभर, चौकटींच्या रांगांत लावल्यासारखं. पण त्यावर निळ्या माशांचा एक पुंजका वरखाली होत होता. एक वाम कपारीतून तोंड काढून जबडा मिटत उघडत होती. एक गोबरा माझ्याकडे बघून न हलता तसाच पडून राहिला, घरमालकासारखा. चारही बाजूंनी तडतड येत होती. पेट्या मृण्मयीनं त्या दिवशी बंद ठेवल्या होत्या. ती तडतड खरी होती.

खडपाच्या बाहेरच्या कडेला वाळूवर आम्ही थांबलो. तांबोश्या दूर होत्या, निळ्या पाण्यात लाल धुरासारख्या. मृण्मयीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

माझ्या उजव्या बोटात पितळी नट होता; पहिला ठोका मोकळा मारला, दुसऱ्याला डावा तळहात तिच्या सिलिंडरवर दाबला. टण. टक्.

त्या वळल्या. सगळ्या एकदम. मी पुन्हा ठोकलं आणि त्या आल्या, हातभर अंतरावर, माझ्याभोवती, मृण्मयीभोवती, इतक्या की ऊन अडलं. लाल अंगावर एकेक खवला दिसत होता. गोल डोळे, काहीतरी दाखवणार म्हणून बघणारे. लवूचे पर्यटक असेच बघायचे. मीही अशीच बघायचे. पिशवीचं तोंड माझ्या उजव्या मुठीत होतं. मी एक श्वास घेतला, आणखी एक घेतला. मनगटावरचं घड्याळ चालू होतं, हवा संपत होती, आणि त्या तिथेच होत्या.

मी मूठ उघडली आणि ठोकलं.

पाण्यात काही दिसलं नाही. रंग नाही, ढग नाही. पहिल्या दोघी-तिघी ताठ झाल्या. मग थव्यातून एक थरथर गेली आणि सगळा लाल रंग फुटून चहूकडे गेला. काही कपारीत, काही वाळूला चिकटून, बाकीच्या निळ्यात. मी ठोकत राहिले. मृण्मयीनं तसंच सांगितलं होतं, पिशवी रिकामी होईपर्यंत. टण टक्. टण टक्. गोबरासुद्धा मागे सरकून बिळात गेला.

मग आम्ही पंधरा मिनिटं हललो नाही. प्रवाहानं पाणी बदललं. हळूहळू एकेक तांबोशी बाहेर आली, थवा पुन्हा जमला, चरू लागला. मृण्मयीनं बोट वर केलं. शेवटची खात्री करायची होती.

मी ठोकलं, दुसऱ्या ठोक्याला तळहात दाबून. जितकं नीट मला येतं तितकं नीट, लवूला आवडलं असतं असं.

वर आल्यावर नंदूनं मला काखेत धरून होडीत ओढलं. सिलिंडर काढून घेतलं, टॉवेल दिला. मग माझ्या तोंडाकडे न बघता, नांगराचा दोर हातात घेत विचारलं,

"इले?"

"नाय," मी म्हटलं. "एकव नाय."